धातू आणि ऊती : साम्य कोठवर, भेद कोठून?

‘रस म्हणजे प्लाझ्मा, रक्त म्हणजे तांबड्या पेशी, मांस म्हणजे मसल, अस्थी म्हणजे हाड’ अशी जोडयादी आपणांपैकी बहुतेकांनी पहिल्या वर्षाच्या शारीराच्या वर्गात उतरवून घेतलेली असते. विद्यार्थ्याला दोन शास्त्रांची तोंडओळख करून देण्यास ती उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु चिकित्सालयात बसल्यावरही तीच यादी चिकित्सेचा आधार होते, तेव्हा अडचण सुरू होते. हिमोग्लोबिन कमी म्हणून रक्तक्षय आणि रक्तक्षय म्हणून लोहकल्प. गुडघा दुखतो म्हणून अस्थिक्षय आणि अस्थिक्षय म्हणून प्रवाळ व शंखभस्म. अशा सरधोपट विचाराने कधी रुग्णाला उपशय मिळतो, तर कधी त्याचे मोलाचे दिवस वाया जातात.

प्रस्तुत लेखात मानवी शरीरातील ऊतींचे चार मुख्य प्रकार, त्यांची रचना आणि कार्ये यांचा विचार धातुसिद्धान्ताच्या शेजारी ठेवून करण्याचा आमचा हेतू आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : धातू हे कर्मावरून केलेले वर्गीकरण आहे, ऊती हे रचनेवरून केलेले. त्यामुळे एका धातूत अनेक ऊती येतात आणि एक ऊती अनेक धातूंत विभागली जाते. चिकित्सकाने ‘कोणता धातू दुष्ट आहे’ या प्रश्नाबरोबर ‘कोणती ऊती बिघडली आहे’ हाही प्रश्न स्वतंत्रपणे विचारला पाहिजे. पहिल्याच्या उत्तरातून दुसऱ्याचे उत्तर आपोआप मिळत नाही.

१. आधी शब्दांचा उलगडा

मराठीत लिहिणाऱ्या वैद्यापुढे एक वेगळाच घोटाळा उभा राहतो. सुश्रुतांनी पाचशे पेशी सांगितल्या. तेथे पेशी म्हणजे मांसाचा पृथक् विभाग. आजच्या मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र पेशी म्हणजे सजीवाचा सूक्ष्म घटक. सुश्रुतांचे नऊशे स्नायू हे बंधनाचे कार्य करणारे तंतुमय अवयव. आजच्या मराठीत स्नायू म्हणजे मांसाचा भाग. म्हणजे ‘स्नायुगत वात’ असे केसपेपरवर लिहिले, तर संहिता वाचलेला वैद्य त्याचा एक अर्थ घेईल आणि रुग्णाचा शाळेत जाणारा मुलगा दुसरा. या लेखात पेशी व स्नायू हे शब्द आजच्या रूढ अर्थाने वापरले आहेत. संहितेतील अर्थ अभिप्रेत असेल तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

‘ऊती’ हा शब्द विणणे या अर्थाच्या संस्कृत क्रियामूळाशी जोडलेला आहे. समान रचनेच्या पेशी आणि त्यांच्यामधील द्रव्य यांची एका विशिष्ट कार्यासाठी झालेली वीण म्हणजे ऊती. ‘धातू’ शब्दाच्या मुळाशी धारण आणि पोषण आहे. एका शब्दाचा रोख वस्त्र कसे विणले आहे याकडे, तर दुसऱ्याचा ते काय पेलते याकडे. दोन्ही वर्गीकरणांतील भेद या दोन शब्दांतच सामावलेला आहे.

२. वर्गीकरणाची दोन तत्त्वे

फ्रेंच शारीरज्ञ झेवियर बिशा याने १८०१ साली मानवी शरीरात एकवीस प्रकारच्या ऊती मानल्या. विशेष म्हणजे त्याने सूक्ष्मदर्शक वापरला नाही. विच्छेदन, तापवणे, वाळवणे, भिजवणे अशा उपायांनी त्याने हे भेद ठरविले. पाण्यात सात रात्री ठेवलेल्या शवाचे थर कुंचीने हळूहळू घासून प्रत्यक्ष पाहण्याचा सुश्रुतांचा विधी येथे कोणालाही आठवेल. पुढे १८३९ मध्ये श्वान याने प्राणिशरीर पेशींचे बनलेले असते हे मांडले आणि १८५८ मध्ये फिरकोव्ह याने रोगाचे मूळ पेशीत शोधण्याचा मार्ग दाखविला. त्यानंतर ऊतींची गणना चार मुख्य प्रकारांत स्थिरावली : अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता.

धातूंची गणना मात्र प्रीणन, जीवन, लेप, स्नेह, धारण, पूरण आणि गर्भोत्पादन या सात कर्मांवर उभी आहे. शिवाय प्रत्येक धातूला त्याचे उपधातू आणि मल जोडलेले आहेत. चार आणि सात यांची जुळणी ओढूनताणून करण्याची आवश्यकता नाही, असे आमचे मत आहे.

३. अभिस्तर ऊती

शरीराचा बाह्य पृष्ठभाग, पोकळ अवयवांचे आतील अस्तर आणि ग्रंथी या ऊतीच्या बनलेल्या असतात. तिच्या पेशी एकमेकींना खेटून असतात, त्या आधारपटलावर टेकलेल्या असतात आणि त्यांच्यात रक्तवाहिन्या नसतात. पोषण खालच्या संयोजी ऊतीतून पाझरून येते. फुफ्फुसाच्या वायुकोशांत एकेरी चपटा थर असतो, म्हणून वायूंची देवाणघेवाण सुलभ होते. लहान आतड्यात स्तंभाकार पेशींचा थर शोषणाचे कार्य करतो. श्वासनलिकेत रोमक पेशी कफ वर लोटतात. त्वचा, मुख व अन्ननलिका येथे घर्षण सोसणारा अनेकपदरी थर असतो.

सात धातूंच्या यादीत या ऊतीला स्वतंत्र स्थान नाही. त्वचा हा मांसाचा उपधातू म्हणून सांगितला आहे आणि धातू व आशय यांच्यामधील मर्यादा म्हणून सुश्रुतांनी सात कला वर्णिल्या आहेत. पित्तधरा कला आणि आंत्राचे अस्तर यांत कार्याचे साम्य ठळक दिसते. परंतु सांध्यातील श्लेष्मधरा कलेच्या जागी जे अस्तर आढळते त्याला आधारपटल नसते, त्यामुळे रचनेच्या दृष्टीने ते अभिस्तर नव्हेच. ते संयोजी ऊतीचे आहे. सर्व कला म्हणजे अभिस्तर, असे समीकरण म्हणूनच मांडता येत नाही.

या ऊतीचे चिकित्सेतील महत्त्व असे की, ती सतत विभाजित होत असते आणि बाहेरच्या जगाशी तिचाच प्रथम संपर्क येतो. प्रौढांमधील बहुसंख्य कर्करोग या ऊतीतूनच उद्भवतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी तंबाखू, मिश्री आणि सुपारी यांचे सेवन करणारे रुग्ण आपल्या सर्वांकडे येतात. तोंडातील व्रणाला मुखपाक समजून खदिरादी वटी आणि गंडूष देणे योग्यच. पण दोन ते तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, कठीण झालेली कड किंवा मानेतील गाठ दिसली, तर तेथे धातुदुष्टीचा विचार करीत थांबू नये. त्या ठिकाणच्या ऊतीचा तुकडा तपासणीस गेला पाहिजे. तोंड उघडण्याचे प्रमाण कमी होत जाणे ही याच रुग्णांतील दुसरी अवस्था. तीत वरचे अस्तर पातळ होते आणि त्याखालील संयोजी ऊती तंतुमय, ताठर बनते. अवयव एकच, ऊती दोन. आणि या अवस्थेतूनही पुढे कर्करोग होण्याचा संभव असतो.

४. संयोजी ऊती

या ऊतीत पेशी विरळ आणि त्यांच्यामधील आधारद्रव्य विपुल असते. आधारद्रव्य द्रव असेल तर रक्त व लसीका, मऊ असेल तर विरल व चरबीयुक्त ऊती, दृढतंतुमय असेल तर स्नायुरज्जू व अस्थिबंध, लवचीक घट्ट असेल तर कास्थी आणि क्षारयुक्त कठीण असेल तर अस्थी. म्हणजे रस, रक्त, मेद, अस्थी आणि काही अंशी मज्जा हे पाच धातू, त्याचप्रमाणे कंडरा व शास्त्रोक्त स्नायू हे उपधातू, आधुनिक दृष्टीने एकाच ऊतीच्या कुटुंबात बसतात. त्यांतील तीन विषय व्यवहारात वारंवार येतात.

(अ) रक्त. हिमोग्लोबिन पुरुषांत १३, स्त्रियांत १२ आणि गर्भिणीत ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरहून कमी असल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे पांडुता मानतात. परंतु हा आकडा कारण सांगत नाही. नवायस लोहात नऊ वनस्पतिद्रव्यांच्या एकत्र चूर्णाइतकेच लोहभस्म असते. लोहन्यूनतेत त्याचे प्रयोजन उघड आहे. थॅलेसेमियाच्या वाहकातही रक्तपेशी लहान व फिकट दिसतात, पण लोह पुरेसे असते. ज्या थॅलेसेमिया रुग्णाला वारंवार रक्त चढविले जाते त्याच्या हृदयात, यकृतात आणि अंतःस्रावी ग्रंथींत लोह आधीच साठत असते. त्याला लोहकल्प देणे म्हणजे अपाय करणे होय. आपल्याकडे सिंधी, लोहाणा आदी समाजांत या विकाराच्या वाहकांचे प्रमाण अधिक आढळते, तर विदर्भातील आणि नंदुरबारसारख्या भागांतील आदिवासी समाजांत सिकलसेलचे. यास्तव लोहकल्प सुरू करण्यापूर्वी रक्तपेशींची पूर्ण गणना, त्यांचा आकार आणि फेरिटिन पाहावे; शंका असल्यास हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी करवावी. उतारवयातील पुरुषात लोहन्यूनता आढळली, तर पचनमार्गातून रक्त जात आहे का, याचा शोध हीच पहिली चिकित्सा.

(आ) अस्थी. सुश्रुतांनी अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पाच प्रकार सांगितले. तरुणास्थी म्हणजे कास्थी, रुचक म्हणजे दात. चरकांची ३६० ही अस्थिसंख्या आणि आजची प्रौढातील २०६ ही संख्या यांतील अंतराचे मोठे कारण हेच : दात, नखे आणि कास्थी यांनाही धारणकर्मामुळे त्या गणनेत स्थान मिळाले. कर्मदृष्टीने हे सुसंगत आहे. ऊतीच्या दृष्टीने हे सर्व भिन्न आहेत. अस्थीत विपुल रक्तवाहिन्या असतात, म्हणून मोडलेले हाड सांधते. कास्थीत त्या नसतात, म्हणून झिजलेली कास्थी सहसा पूर्ववत होत नाही.

रुग्णाच्या तोंडी ‘झीज’ हा एकच शब्द असतो. गुडघ्याची झीज आणि हाडांची झीज हे त्याच्या दृष्टीने एकच दुखणे. पहिल्यात मुख्यतः कास्थी आणि तिच्याबरोबर संपूर्ण सांधा बिघडतो. दुसऱ्यात अस्थीची घनता घटते आणि थोड्याशा आघाताने मणका वा खुबा मोडतो. पहिल्यात कॅल्शियमयुक्त भस्मांनी कास्थी भरून येत नाही. तेथे वजन उतरविणे, मांडीच्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम, स्नेहन-स्वेदन आणि बस्ती यांचा विचार प्रधान ठरतो. दुसरा विकार बहुधा वेदनारहित असतो आणि अस्थिभंग झाल्यावरच कळतो. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांत तो मुद्दाम शोधावा लागतो.

(इ) मज्जा. सुश्रुतांनी स्थूल अस्थींत मज्जा आणि इतर अस्थींत ‘सरक्त मेद’ असतो असे सांगितले आहे. प्रौढात लांब अस्थींच्या दांड्यात पिवळी, मेदयुक्त मज्जा आणि उरोस्थी, फासळ्या, मणके व श्रोणी यांत तांबडी मज्जा आढळते, हे निरीक्षण त्याच्याशी लक्षणीयरीत्या जुळते. पण रक्तपेशी या तांबड्या भागात तयार होतात, हे संहितेने सांगितलेले नाही. तेथे रसाच्या रंजनाचे स्थान यकृत-प्लीहा आहे. गर्भावस्थेत या दोन अवयवांत रक्तपेशी बनतात हे खरे. परंतु निरोगी प्रौढात ते कार्य तांबड्या मज्जेकडेच असते. निरीक्षणाचे साम्य जेथे आहे तेथे अभिमानाने सांगावे. जेथे नाही तेथे ते लादू नये.

चरबीयुक्त ऊतीविषयी एक नोंद पुरे. ती केवळ साठवण नव्हे. १९९४ मध्ये लेप्टिन या स्रावाचा शोध लागल्यापासून तिची गणना अंतःस्रावी कार्य करणाऱ्या ऊतींत होते. मेदोवृद्धीचा संबंध प्रमेहाशी जोडणाऱ्या आपल्या शास्त्राला हे नवे वाटू नये.

५. स्नायू ऊती

आकुंचन हे या ऊतीचे लक्षण. अस्थींना जोडलेले, इच्छाधीन, पट्टेदार स्नायू. आंत्र, रक्तवाहिन्या, गर्भाशय इत्यादींतील अनैच्छिक, बिनपट्ट्यांचे स्नायू. आणि हृदयातील अनैच्छिक तरीही पट्टेदार स्नायू, असे तिचे तीन प्रकार. प्रौढ शरीराच्या भारात अस्थींवरील स्नायूंचा वाटा सुमारे चाळीस टक्के असतो. त्यांत दुरुस्तीसाठी राखीव पेशी असतात, म्हणून व्यायाम आणि बृंहण यांना ते प्रतिसाद देतात. हृदयाच्या स्नायूत ही क्षमता अत्यल्प. झटक्यात मेलेल्या भागाची जागा व्रणवस्तू घेते.

मांसधातूचे समीकरण येथे सर्वांत जवळचे वाटते, तरी तेही पूर्ण नाही. सुश्रुतांनी हृदयाची उत्पत्ती शोणित आणि कफ यांच्या प्रसादापासून सांगितली आहे, मांसापासून नव्हे. म्हणून ‘हृदयही मांसच, तेव्हा मांसवर्धक द्रव्ये द्यावीत’ हा युक्तिवाद दोन्ही शास्त्रांत टिकत नाही. तसेच, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णाचे अंग दुखत असेल, तर त्याला बल्य औषध देण्यापूर्वी चालू औषधांची चौकशी करावी. ती वेदना त्या औषधाचा परिणाम असू शकते.

६. चेता ऊती

संवेदना ग्रहण करणे, तिचा अर्थ लावणे आणि आज्ञा पोहोचविणे हे या ऊतीचे कार्य. चेतापेशी आणि त्यांना आधार व पोषण देणाऱ्या सहायक पेशी असे तिचे दोन घटक. आपल्याकडे या कार्याचा विचार वात, इंद्रिये आणि मन यांच्या आश्रयाने झाला आहे. मस्तुलुंगाचा उल्लेख असला तरी स्वतंत्र धातू म्हणून या ऊतीची गणना नाही. कार्याचे वर्गीकरण कार्याच्याच आश्रयाने झाले, एवढाच याचा अर्थ.

येथे काळाचे महत्त्व सर्वाधिक आहे. परिघीय चेतातंतू अनुकूल स्थितीत दिवसाला साधारण एक मिलिमीटर गतीने पुन्हा वाढतो. मेंदू आणि मेरुरज्जू यांतील तुटलेले तंतू तसे वाढत नाहीत. पक्षाघाताचे कारण रक्ताची गुठळी असेल, तर ती विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे झालेला, हात उचलता न येणारा किंवा बोलणे अडखळणारा रुग्ण दाराशी आला, तर अभ्यंगाची तयारी न करता त्याला तत्काळ सुसज्ज रुग्णालयात पाठविणे हेच वैद्याचे कर्तव्य. बस्ती, अभ्यंग आणि बृंहण यांचा काळ त्यानंतर येतो. त्याचप्रमाणे त्वचेवरील फिकट, बधिर चट्टा हा केवळ त्वचेचा विकार समजू नये. कुष्ठरोगाचा जंतू चेतातंतूंच्या आवरणपेशींत शिरतो. वेळीच बहुविध औषधोपचार मिळाले तर विकृती टळते आणि हे उपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात.

७. पोषणाचा काळ

रसापासून शुक्रापर्यंतच्या परिणमनाला सुश्रुतांनी एक महिना सांगितला. इतर आचार्यांची मते याहून वेगळी आहेत. ऊतींचा नवीकरणकाळ मात्र ऊतीनुरूप फार बदलतो. आंत्राचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. त्वचेच्या वरच्या थराला महिना-दीड महिना लागतो. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. शुक्राणूच्या निर्मितीला साधारण अडीच महिने लागतात. प्रौढ अस्थिसंस्थेचा सुमारे दहावा भाग वर्षभरात बदलतो. औषधाचा परिणाम केव्हा तपासायचा, हे यावरून ठरविता येते. अतिसारात आठवड्याने, लोहन्यूनतेत महिन्याने आणि साठा भरण्यासाठी पुढे तीन महिने, वीर्यपरीक्षणात तीन महिन्यांनी, अस्थिघनतेत वर्षा-दोन वर्षांनी. पंधरा दिवसांत कास्थी वा शुक्र ‘भरून आणण्याचे’ आश्वासन कोणत्याच शास्त्रात बसत नाही.

८. औषधनिर्माते आणि विक्रेते यांच्यासाठी

धातू आणि ऊती यांतील भेद वेष्टनावरील मजकुरातही पाळला जावा, अशी आमची अपेक्षा आहे.

(१) ‘अस्थिपोषक’ हा शास्त्रोक्त शब्द आहे. ‘कास्थी पुन्हा तयार करते’ हे ऊतीविषयीचे विधान आहे. पहिल्याला ग्रंथाधार पुरतो, दुसऱ्याला प्रयोगाचा पुरावा लागतो. शास्त्रोक्त कल्प नव्या व्याधीसाठी विकावयाचा झाल्यास औषध नियमांतील नियम १५८-ब नुसार परिणामकारकतेचा पुरावा द्यावा लागतो.

(२) ‘धातुपौष्टिक’ हा शब्द बाजारात केवळ शुक्रापुरता उरला आहे. सात धातूंच्या सिद्धान्ताची याहून मोठी हानी नाही. शिवाय १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने कामशक्तिवर्धनाच्या, तसेच कर्करोग, मधुमेह, पक्षाघात इत्यादी अनुसूचित विकारांवरील जाहिरातींस प्रतिबंध केलेला आहे.

(३) लोहकल्प मागणाऱ्या ग्राहकास रक्ततपासणी झाली आहे का आणि घरात थॅलेसेमिया वा सिकलसेलचा इतिहास आहे का, हे दोन प्रश्न विक्रेत्याने अवश्य विचारावेत. उत्तर समाधानकारक नसल्यास त्याला वैद्याकडे पाठवावे. लोहयुक्त औषधे लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवण्याचीही सूचना द्यावी.

९. उपसंहार

धातुसिद्धान्त रुग्णाकडे समग्रपणे पाहण्यास शिकवितो : अग्नी कसा आहे, पोषण कोठे खुंटले आहे, बल किती आहे. ऊतिविज्ञान त्याच रुग्णातील नेमकी जागा दाखविते : विकृती कोणत्या थरात आहे, ती भरून येणारी आहे की नाही आणि हाती किती वेळ आहे. पहिल्यावरून औषधयोजना ठरते. दुसऱ्यावरून ती योजना आता करावी की रुग्णाला आधी अन्यत्र पाठवावे, हे ठरते. केसपेपरवर दोष-दूष्य यांच्या रकान्याशेजारी ‘बाधित ऊती’ असा एक रकाना आखावा, अशी आमची वैद्यवर्गास विनंती आहे. तो भरताना जेथे लेखणी अडेल, तेथे तपासणी राहिली आहे असे समजून ती आधी करवून घ्यावी.